‘चाल’ कोणाची? इटालियन ऑपेरा आणि मराठी संगीत नाटक

मराठी संगीत नाटकाचा परिचय परभाषिक वाचकांस करून देताना ‘हा आमचा ऑपेरा होय’ असे म्हणून मोकळे होण्याची सवय आपल्या समीक्षेस फार दिवसांपासून लागलेली आहे. ह्या विधानाने परिचयाचे काम सोपे होते, आपल्या रंगभूमीस थोडी प्रतिष्ठाही मिळते. परंतु ज्या प्रश्नाचे उत्तर समीक्षेने प्रथम द्यावयास हवे तो प्रश्न मात्र झाकला जातो. नाटकातले गाणे हे कोणाचे कर्तृत्व? शब्द लिहिणाऱ्याचे, स्वर बांधणाऱ्याचे, की ते रंगभूमीवर गाणाऱ्याचे? इटलीने एकोणिसाव्या शतकात ह्या प्रश्नाचे एक उत्तर दिले; महाराष्ट्राने त्याच शतकाच्या अखेरीस दुसरे दिले. दोन्ही उत्तरे समोरासमोर ठेवली म्हणजे आपल्या समीक्षेच्या हातून काय निसटले आहे ते दिसू लागते.

रोस्सिनी, बेल्लिनी, दोनिझेत्ती आणि वेर्दी ही नावे एका दमात घेतली जातात. ह्या चौघांत स्वभावाचे आणि बळाचे पुष्कळ अंतर आहे, तरी एक गोष्ट चौघांसही लागू आहे. ‘नोर्मा’ (१८३१) बेल्लिनीचा, ‘रिगोलेत्तो’ (१८५१) वेर्दीचा, असेच आपण म्हणतो. पहिल्याची संहिता फेलीचे रोमानी ह्यांनी लिहिली, दुसऱ्याची फ्रांचेस्को मारिया पियावे ह्यांनी, हे सांगावे लागते. ते आपोआप आठवत नाही. आपल्याकडे नेमके उलट. ‘सौभद्र’ किर्लोस्करांचे, ‘शारदा’ देवलांची, ‘मानापमान’ खाडिलकरांचे. ‘मानापमाना’च्या चाली गोविंदराव टेंबे ह्यांनी दिल्या आणि ‘स्वयंवरा’च्या भास्करबुवा बखले ह्यांनी, हे रसिकांस माहीत असते, पण नाट्यवाङ्मयाच्या इतिहासात ही माहिती बहुधा एखाद्या गौण वाक्यात येऊन जाते. वाङ्मयाचे इतिहास वाङ्मयीन माणसांनीच लिहावयाचे असल्यामुळे असे झाले, हे एक कारण आहेच. परंतु तेवढेच कारण नाही.

तुलना ढोबळ राहू नये म्हणून एकाच विषयावरच्या दोन कृती घेऊ. गाएतानो दोनिझेत्ती ह्यांचा ‘डॉन पास्क्वाले’ हा विनोदी ऑपेरा जानेवारी १८४३ मध्ये पॅरिसच्या इटालियन रंगमंदिरात प्रथम झाला. गोविंद बल्लाळ देवल ह्यांचे ‘संगीत शारदा’ १८९९ मध्ये रंगभूमीवर आले. दोहोंत एक पैसेवाला म्हातारा आहे, त्याला लग्नाची हौस आली आहे, त्या हौसेला खतपाणी घालणारा एक लबाड मध्यस्थ आहे, आणि शेवटी म्हाताऱ्याची फजिती होऊन तरुणास तरुणी मिळते. पास्क्वाले हा सत्तरीचा ब्रह्मचारी. आपला पुतण्या एर्नेस्तो हा नोरिना नावाच्या निर्धन विधवेशी लग्न करू पाहतो म्हणून त्याला वारशातून दूर करण्यासाठी हा स्वतःच बोहल्यावर चढावयास निघतो. त्याचा मित्र डॉक्टर मालातेस्ता त्याच नोरिनाला आपली मठात वाढलेली लाजाळू बहीण म्हणून त्याच्यापुढे उभी करतो व खोट्या दस्तऐवजावर लग्न लावून देतो. सही होताच लाजाळू वधूची कजाग बायको होते. देवलांच्या भुजंगनाथापुढे मात्र असे लटके लग्न नाही. त्याच्यासमोर खरीच अजाण मुलगी आहे, तिला विकावयास निघालेला खराच बाप आहे. म्हणून इटालियन कृतीत जो खेळ आहे तो मराठी कृतीत जिवावरचा प्रसंग होतो; शारदा नदीवर जीव द्यावयास जाते, नोरिना तिजोरी रिकामी करते. (१९२९ च्या बालविवाहप्रतिबंधक कायद्यास ‘सारडा कायदा’ म्हणतात तो हरविलास सारडा ह्यांच्या नावावरून; आपल्या शारदेवरून नव्हे. तथापि पुष्कळांना तसे वाटते, ह्यातच नाटकाचे यश आहे.)

आता ह्या दोन कृतींत संगीत काय करते ते पाहावयाचे. ‘डॉन पास्क्वाले’च्या तिसऱ्या अंकात नोरिना रात्री एकटीच नाटकास निघते. म्हातारा तिला अडवितो, बोलाचाली वाढते आणि ती त्याच्या थोबाडीत मारते. जुन्या इटालियन प्रहसनाच्या रीतीने येथे हशा पिकावयाचा. दोनिझेत्ती येथे लय खाली आणतात. ज्या स्वरांनी आतापर्यंत म्हाताऱ्याची टर उडविली तेच स्वर खिन्न होतात; आपले सारे संपले एवढे एकच त्याला कळते आणि ते तो जवळजवळ स्वतःशीच गातो. त्याच वेळी नोरिना बाजूस वळून, धडा जरा कडक झाला खरा, अशी मनाशी कबुली देते. शब्द दोनचारच आहेत, आणि ते साधे आहेत. पुढे ऑपेरा संपताना म्हातारपणी लग्न करणारा मूर्ख होय असे तात्पर्यही ठरल्याप्रमाणे गायिले जाते. परंतु त्या थपडेनंतरच्या काही क्षणांत श्रोत्याचे मन तात्पर्याच्या पलीकडे जाऊन बसलेले असते आणि तात्पर्य त्याला परत आणू शकत नाही. ही करुणा संहितेत नव्हती असे नव्हे. ती संहितेत बीजरूपाने होती आणि संगीतकाराने ती नाटकाच्या मध्यभागी आणून ठेवली. संगीतकार येथे नाटककार झाला आहे.

ह्या ऑपेराची संहिता जोव्हान्नी रुफ्फिनी ह्या लेखकाने रचावयास घेतली होती, एका जुन्याच प्रहसनाच्या आधाराने. दोनिझेत्तींनी तीत इतके फेरफार केले, इतकी काटछाट केली, की रुफ्फिनी ह्यांनी संहितेवर आपले नाव घालण्याचेच नाकारले. आपल्या रंगभूमीवर असा प्रसंग कल्पनेतही येत नाही. चाली बदलल्या म्हणून देवलांनी ‘शारदे’वरचे नाव काढून घ्यावे, हे कोणी मानील काय?

‘शारदे’तल्या संगीताची जात निराळी आहे. किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ (१८८०) आणि ‘सौभद्र’ (१८८२) ह्या नाटकांत जी पद्धत पाडली तीच देवलांनी चालविली, आणि ते तर बेळगावास किर्लोस्करांच्याच सहवासात तयार झालेले. ह्या पद्धतीत पदाच्या माथ्यावर ‘चाल’ म्हणून एखाद्या माहितीतल्या गाण्याचा निर्देश असतो. साकी, दिंडी, लावणी, कीर्तनातली पदे, बायकांची घरगुती गाणी, कर्नाटकातून आलेल्या चाली, अशा सर्व ठिकाणांहून ह्या चाली उचललेल्या आहेत. येथे कोणी दोनिझेत्ती नाही. आपल्या टीकाकारांनी ह्याचा अर्थ असा लावला, की संगीताच्या बाबतीत किर्लोस्कर-देवल उसनवारी करीत होते आणि ह्या उसनवारीतून रंगभूमी पुढे टेंबे-बखल्यांच्या स्वतंत्र रचनांकडे ‘प्रगत’ झाली. हे मत प्रस्तुत लेखकास मान्य नाही.

उसनी चाल आणि नवी चाल ह्यांच्या कामात फरक आहे. एकीचे काम दुसरीस करता येत नाही. नवी चाल ऐकणाऱ्याजवळ अनोळखी म्हणून येते आणि प्रसंगातून आपला अर्थ मिळविते. जुनी चाल अर्थ बरोबर घेऊन येते. एखादी चाल प्रेक्षकाने आपल्या घरात, माजघरात, लग्नकार्यात ऐकलेली आहे. तीच चाल आता एका मुलीच्या तोंडी आली आहे आणि ती मुलगी आपल्याला विकले जात आहे हे ओळखून भ्याली आहे. अशा वेळी प्रेक्षक केवळ शारदेचे पद ऐकत नाही; त्याच चालीवर गाणाऱ्या आपल्या बहिणीचा, मुलीचा आवाज त्याच्या कानांत त्या पदाखालून वाजत असतो. त्याच घरात अशी लग्ने झालेली असतात. घरातल्या सुरानेच घरावर आरोप ठेवावा, ही नाट्ययुक्ती नव्या सुराला साधणारी नाही. शारदेच्या सख्या म्हाताऱ्या नवऱ्याची थट्टा करतात तेव्हाही हेच घडते. थट्टेची चाल खेळीमेळीची, बायकांच्या बैठकीतली, आणि तिच्यातला विषय मात्र अंगावर काटा आणणारा. चालीची निवड ही येथे रचनाच आहे. तिचा कर्ता नाटककार आहे, आणि म्हणून नाटकावर एकट्या देवलांचे नाव असणे हे अन्यायाचे नसून वस्तुस्थितीचे द्योतक आहे.

एक आक्षेप येथे उघडच येईल: पाश्चात्त्य संगीतकार स्वतः रचतो, आपण दुसऱ्याचे घेतो, हा दोन संस्कृतींमधला मूलभूत भेद होय, असे म्हणता येईल. इटलीचाच इतिहास ह्या आक्षेपास उत्तर देतो. रोस्सिनी ह्यांच्या ‘सेव्हिलचा न्हावी’ (१८१६) ह्या जगप्रसिद्ध विनोदी ऑपेराची नांदीवजा वाद्यरचना, जी ऐकताच लोकांना त्या चतुर न्हाव्याची चाल डोळ्यांसमोर दिसते, ती मुळात १८१३ मध्ये पाल्मिराच्या युद्धावरील एका गंभीर ऑपेरासाठी केलेली होती, आणि मध्यंतरी १८१५ मध्ये इंग्लंडच्या राणी एलिझाबेथवरील दुसऱ्या गंभीर ऑपेरासही तीच जोडली गेली होती. त्याच ऑपेरात नायिकेच्या गाण्याच्या शिकवणीचा एक प्रवेश आहे. त्यात मोठमोठ्या गायिका रोस्सिनींचे गाणे बाजूस सारून आपल्या आवडीचे कोणतेही गाणे गात. प्रसिद्ध गायिका मालिब्रान हिने बेल्लिनीच्या रोमिओ-ज्युलिएटवरील ऑपेराचा सबंध शेवटच बदलून दुसऱ्या संगीतकाराचा शेवट गाण्यास सुरुवात केली, आणि पुष्कळ वर्षे तोच प्रघात राहिला. आपल्याकडे ‘वन्स मोअर’च्या गजरात नाटक थांबते म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी मिलानमध्ये हीच तक्रार किती वर्षे चालू होती हेही लक्षात घ्यावे, तोस्कानीनीसारख्या संचालकाला विसाव्या शतकाच्या आरंभीही ह्यावरून भांडावे लागले.

मग इटलीत संगीतकार जिंकला कसा? ह्याचे उत्तर प्रतिभेत जितके आहे तितकेच छापखान्यात आहे. मिलानमध्ये १८०८ साली स्थापन झालेल्या रिकोर्दी ह्या प्रकाशनसंस्थेने ऑपेरांच्या स्वरलिपी छापून व भाड्याने देऊन आपला व्यवसाय वाढविला. स्वरलिपी छापली गेली म्हणजे ती मालमत्ता झाली, आणि मालमत्तेस मालक लागतो. वेर्दींनी ह्याच बळावर रिकोर्दींच्या मार्फत रंगमंदिरांवर अट घातली, की आपल्या रचनेत भर घालावयाची नाही, काटावयाचे नाही, पट्टी वरखाली करावयाची नाही, केल्यास दंड. गायकाची सद्दी ह्या अटीने संपविली. आपल्याकडे काय छापले गेले? नाटकाचे पुस्तक. त्यात पदांचे शब्द होते आणि माथ्यावर चालीचा एक ओळीचा निर्देश. स्वर छापण्याची सोय ‘सौभद्रा’च्या वेळी नव्हती, पलुसकर-भातखंड्यांच्या स्वरलेखनपद्धती प्रसार पावल्या त्या पुढे. स्वर तोंडातून तोंडात गेले, आणि जे तोंडात असते ते गाणाऱ्याचे होते. म्हणून आपल्याकडे कागदाचा मालक नाटककार आणि स्वराचा मालक नट, अशी वाटणी झाली. चाल देणारा मध्येच राहिला.

ही वाटणी एकट्या मराठीची नाही, हे दक्षिणेत राहणाऱ्यास सहज दिसते. प्रस्तुत लेखकाचे वास्तव्य बंगळुरातील यशवंतपूर येथे आहे. येथून मिरजेकडे जाणारा लोहमार्ग तुमकुरानंतर गुब्बीवरून जातो, पुढे हुबळीच्या अलीकडे कुंदगोळ लागते, मग धारवाड, बेळगाव. ह्या एका रुळावर जवळजवळ सगळी कथा मांडता येईल. गुब्बीची कानडी नाटक कंपनी १८८४ मध्ये उभी राहिली, किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’नंतर चारच वर्षांनी. कुंदगोळचे सवाई गंधर्व (१८८६–१९५२) मातृभाषेने कानडी, आणि मराठी रंगभूमीवर गाजलेले. खुद्द किर्लोस्करांचा जन्म बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. त्याही आधी सांगलीकरांच्या दरबारात कर्नाटकातल्या भागवत मंडळींचे खेळ झाले आणि त्यातूनच विष्णुदास भावे ह्यांचे ‘सीतास्वयंवर’ १८४३ मध्ये निघाले. म्हणजे पॅरिसला ‘डॉन पास्क्वाले’ झाला त्याच वर्षी. कानडी कंपनी-नाटकांच्या पदांवरही ‘अमक्याचा मट्टु’ असा निर्देश असे. मट्टु म्हणजे आपली चालच. कर्नाटकातून आलेल्या चाली मराठीत नाट्यपदे झाल्या आणि मराठी नाट्यपदांच्या चाली पुन्हा कानडी रंगभूमीवर गेल्या. अशा देवघेवीत ‘मूळ कोणाचे’ हा प्रश्न निरर्थक ठरतो. ‘येथे हीच का घेतली’ हा प्रश्न मात्र प्रत्येक ठिकाणी अर्थपूर्ण राहतो.

इटालियन ऑपेरातून संगीत नाटक निघाले, असेही कोणी अधूनमधून सुचवितात. इटालियन मंडळ्या एकोणिसाव्या शतकात मुंबईस येत होत्या आणि पारशी रंगभूमीने ‘ऑपेरा’ हा शब्द उचलला, इतके खरे. परंतु ज्या रंगभूमीचा इटालियन मंडळीशी प्रत्यक्ष संबंध आला तिचे काय झाले ते पाहण्याजोगे आहे. आसगावचे लुकासिन्यो रिबेरो हे गोमंतकीय गृहस्थ मुंबईस आलेल्या एका इटालियन ऑपेरा मंडळीबरोबर राहिले, तिचे काही पोशाख त्यांनी विकत घेतले आणि १८९२ मध्ये मुंबईत ‘इटालियन भुरगो’ हा कोकणी खेळ केला. कोकणी तियात्राचा आरंभ तेथून धरतात. त्या तियात्रात इटलीचे काय उरले? पोशाख, पडद्याचा थाट, आणि दोन प्रवेशांच्या मध्ये गाणी घालण्याची सोय. आणि ती गाणी बहुधा कथेशी संबंध नसलेली! ऑपेराचा आत्मा जो संगीतकार, तो बोटीने परत गेला. तियात्राने आपल्या गाण्यांस सामाजिक टीकेचे हत्यार बनवून पुढे स्वतःचा मार्ग काढला, ही गोष्ट वेगळी आणि अभिमानास्पद आहे.

देवलांच्या पद्धतीस धक्का प्रथम श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी दिला. ‘वीरतनया’पासून (१८९६) त्यांनी पारशी-गुजराती रंगभूमीवरच्या नव्या धर्तीच्या चाली आणल्या, त्यात नावीन्य होते, परंतु घरातली आठवण सुटली. मग १९११ मध्ये ‘मानापमान’ आणि १९१६ मध्ये ‘स्वयंवर’. आता चाली रागदारीच्या, पूर्व हिंदुस्थानी ठुमरीच्या अंगाच्या, जाणत्या संगीतकारांनी दिलेल्या. येथे तरी संगीतकार नाटककार झाला काय? प्रस्तुत लेखकाच्या मते नाही. टेंबे आणि बखले ह्यांची रचना थोर आहे. बालगंधर्वांचा स्वर तर अपूर्वच. पण ती चाल भामिनीची किंवा रुक्मिणीची असण्यापूर्वी रागाची असते, आणि गळ्याच्या लीलेस वाव देण्यासाठी असते. वेर्दींना आपल्या ‘मॅक्बेथ’मधील (१८४७) लेडी मॅक्बेथसाठी एक नामांकित गायिका नको होती, कारण तिचा आवाज फार सुंदर होता, त्यांना तेथे घुसमटलेला, खडबडीत आवाज हवा होता. सुंदर आवाज हाच दोष ठरावा असा एकही प्रसंग आपल्या सुवर्णकाळाने निर्माण केला नाही. १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी केशवराव भोसले आणि बालगंधर्व ह्यांनी ‘संयुक्त मानापमान’ केले तेव्हा लोक दोन गळे ऐकावयास गेले होते. खाडिलकरांचे नाटक त्यांच्यामध्ये कोठेतरी होते.

ह्यात तक्रार करण्यासारखे असले तर ते गंधर्वयुगाबद्दल नाही. आपल्याला चटका लागावयास हवा तो निराळ्याच नुकसानीचा. रागदारी चालींची सवय झालेल्या गायकांनी जुन्या नाटकांच्या पदांनाही नवा साज चढविला. ‘सौभद्र’ आणि ‘शारदा’ बैठकीच्या ढंगाने गायिली जाऊ लागली. ज्या गाण्यांवरून त्या चाली घेतल्या होत्या ती मूळ गाणी घरांतून, देवळांतून, फडांवरून नाहीशी झाली. पुस्तकात ‘चाल’ म्हणून दिलेली ओळ शिल्लक आहे. ती आजच्या वाचकास एखाद्या मोडकळीस आलेल्या शिलालेखासारखी आहे. समीक्षक ती ओलांडून पदाच्या शब्दांवर येतो आणि देवलांची पदरचना प्रासादिक आहे एवढा अभिप्राय देऊन थांबतो. संगीताचा अभ्यासक राग आणि ताल नोंदवितो, तेही पुष्कळदा नंतरच्या गायकाने केलेल्या गाण्याचे. नाटककाराने जेथे सर्वांत नेमके काम केले, ती जागा दोघेही रिकामी समजतात. ‘शारदे’ची एखादी अशी आवृत्ती निघावयास हवी, की जिच्यात प्रत्येक चालीचे मूळ गाणे कोणते, ते कोण गात असे, कोणत्या प्रसंगी गात असे आणि त्याच्या शब्दांशी देवलांच्या शब्दांचा काय संवाद आहे हे दिलेले असेल. हे काम संगीतज्ञ, लोकसाहित्याचा अभ्यासक आणि कानडी जाणणारा ह्यांनी मिळून करावयाचे आहे. एकट्या मराठीच्या प्राध्यापकाच्या आवाक्यातले ते नाही.

इटालियन अर्थाने संगीतकार आपल्या रंगभूमीवर नाटककार झाला तो बऱ्याच उशिरा. १९६७ मध्ये आलेल्या पुरुषोत्तम दारव्हेकर ह्यांच्या ‘कट्यार काळजात घुसली’ ह्या नाटकात झगडा दोन घराण्यांचा आहे: पंडित भानुशंकर आणि खाँसाहेब आफताब हुसेन. जितेंद्र अभिषेकी ह्यांना ह्या नाटकासाठी केवळ गोड चाली देऊन भागण्यासारखे नव्हते. दोन गायकी ऐकताक्षणी वेगळ्या कळाव्यात आणि शिष्य सदाशिव ज्या गायकीच्या ओढीने दुसऱ्याच्या दाराशी जातो ती ओढ श्रोत्यासही लागावी, हे त्यांना स्वरांतूनच घडवावे लागले. वसंतराव देशपांडे ह्यांचे खाँसाहेब गातात तेव्हा त्या गाण्यातला आक्रमक बाणा हा त्या माणसाचा स्वभाव असतो. चाल बदलली तर माणूसच बदलेल. असे ‘मानापमाना’तल्या किती पदांविषयी म्हणता येईल? आणि ‘शारदे’विषयी तेच म्हणता येते, मात्र वेगळ्या कारणाने: तेथे चाल बदलली म्हणजे माणूस तोच राहतो, पण त्याचे घर नाहीसे होते.